थंडोबा, उजेडराव आणि फेलोबाई

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाने तरुण संशोधकांसाठी एक फेलोशिप जाहीर केली. तरुण म्हणजे पीएच.डी. होऊन फार वर्षं न झालेला, एवढीच अट. त्यामुळे अर्जदारांत टक्कल पडलेलेही होते आणि पोरांना शाळेत सोडून मुलाखतीला आलेलेही. घोरपडीने अर्ज केला तो निव्वळ सवयीने. पीएच.डी. झाल्यापासून तिचा मुख्य उद्योग तोच होता.

घोरपड हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते आईने ठेवलेलं. ही पोरगी एखाद्या गोष्टीला चिकटली की ओढून निघायची नाही, म्हणून. आई सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात जन्मभर नर्स होती. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं तिला फारसं नवल वाटत नसे आणि बोलताना ती कुणाची भीडही ठेवत नसे.

"फेलोशिप म्हणजे नोकरी की शिक्षण?" तिने फोनवर विचारलं.

"दोन्हीच्या मधलं काहीतरी, आई. दोन वर्षं संशोधन करायचं. एक वर्ष झालं की ते बघणार, पुढे ठेवायचं की नाही."

"म्हणजे कळा पूर्ण द्यायच्या आणि मूल होईलच याची खात्री नाही."

"तसंच."

"जा मग. तुला तेवढंच जमतं."

मुलाखत विचित्र झाली. टेबलाच्या एका टोकाला एक उंच, वाळके प्राध्यापक बसले होते. भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगात स्वेटर होता. दुसऱ्या टोकाला एक गोल, गुबगुबीत प्राध्यापक होते आणि त्यांच्या कपाळावर दोन चष्मे होते. स्वेटरवाले तिला फक्त थंडीबद्दल विचारत होते आणि चष्मेवाले फक्त प्रकाशाबद्दल. एक बोलायला लागला की दुसरा खिडकीबाहेर बघायचा. मधे बसलेल्या विभागप्रमुख मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. घोरपड घरी आली आणि विसरूनही गेली. आणि निवड झाल्याचं कळलं तेव्हा तिने आधी दुसऱ्या कुणाला लावायचा फोन चुकून आपल्याला लागला नाही ना, याची खात्री करून घेतली.

खरा प्रकार पहिल्या दिवशी ऑफिसातल्या काकूंनी सांगितला. काकू विभागाच्या जन्मापासून तिथे असल्यासारख्या वाटायच्या, आणि सगळ्यांची टोपणनावं त्यांनीच पाडलेली होती.

"अभिनंदन हं, फेलोबाई," खोलीची किल्ली पुढे करत काकू म्हणाल्या. "तू कुणालाच नको होतीस."

"काय?"

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. थंडोबांना त्यांचा माणूस हवा होता. उजेडरावांना त्यांचा. थंडोबांचा माणूस म्हटलं की उजेडराव नाही म्हणायचे, उजेडरावांचा म्हटलं की थंडोबा. दुपार झाली, चहा संपला, मॅडमना गाडी पकडायची होती. मग तुझं नाव निघालं. तुझ्याविरुद्ध कुणालाच काही आठवेना."

घोरपडीने किल्ली घेतली. चार वर्षं अर्ज करून आपण शेवटी कशामुळे जिंकलो, हे इतक्या स्वच्छ शब्दांत फार कमी लोकांना कळतं.

थंडोबा म्हणजे स्वेटरवाले. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे माणसाएवढा उंच एक फ्रिज होता, पण दूध-भाजी ठेवायचा नव्हे. त्यात पदार्थ इतका गार करता यायचा की त्यापुढे अंतराळही उबदार वाटावं. तो फ्रिज चालवणारा पंप दिवसभर धडधडत असे. उजेडराव म्हणजे दोन चष्मेवाले. त्यांची प्रयोगशाळा बरोबर वरच्या मजल्यावर. तिथे एका दगडी टेबलावर लेझर होता आणि त्याचा तांबडा प्रकाश इतका शुद्ध होता की त्याच्याबद्दल बोलताना उजेडरावांचा आवाज हळवा व्हायचा.

दोघं एके काळचे जिवलग मित्र. एका खोलीत शिकलेले, एकमेकांचे कपडे घातलेले. मग वर लेझरला गार ठेवणारी पाण्याची नळी फुटली आणि ते पाणी छतातून गळत थेट थंडोबांच्या फ्रिजवर पडलं. महत्त्वाचं मोजमाप बुडालं. उजेडराव म्हणाले, नळी फुटली ती खालच्या पंपाच्या हादऱ्याने. माझं टेबल तर वर्षानुवर्षं थरथरतंय. थंडोबा म्हणाले, टेबल नाही, माणूस थरथरतोय. तेव्हापासून एकाचं पाणी खाली आणि दुसऱ्याचे हादरे वर, एवढंच त्यांच्यात दळणवळण उरलं होतं. एकमेकांचा उल्लेख ते "विभागातले एक गृहस्थ" असा करत.

घोरपडीला जी खोली मिळाली ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर होती. पूर्वी तिथे बिघडलेली झेरॉक्स मशिनं ठेवत. तळघर अर्धा जिना खाली, लेझर अर्धा जिना वर. आणि तिला जे तपासायचं होतं त्याला नेमकं हे दोन्ही हवं होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका बड्या गटाने छापलं होतं की एक विशिष्ट पातळ स्फटिक अतिशय गार केला आणि त्यावर तांबडा प्रकाश टाकला, की एका ठरावीक तापमानाला तो एकदम जास्त उजळतो. आलेखावर टेकडीसारखं शिखर दिसतं. तसं खरंच होत असेल तर पुस्तकातलं एक प्रकरण नव्याने लिहावं लागणार होतं. घोरपडीला ते शिखर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तिने आधी सरळ मार्गाने विचारलं.

"लेझर? वरचा?" थंडोबांनी स्वेटरचं बटण लावलं. "त्या गृहस्थांचा एक कणसुद्धा माझ्या तळघरात येणार नाही."

"खालचा फ्रिज?" उजेडरावांनी कपाळावरचा एक चष्मा डोळ्यांवर घेतला, मग तो काढून दुसरा. "माझा प्रकाश त्या डबड्यात जाणार? त्यापेक्षा मी तो डास मारायला वापरेन."

साधा माणूस असता तर त्याने दुसरा विषय घेतला असता. पण ही चिकटली.

तिच्या खोलीच्या भिंतीतून एक जुना पाइप जात होता, पूर्वी टेलिफोनच्या तारा असलेला. वरचं टोक उजेडरावांच्या टेबलामागे निघायचं. खालचं टोक तळघराच्या दारापाशी, जिन्यातल्या कपाटामागे संपायचं. काचेचा केसासारखा बारीक फायबर त्यातून आणि पुढे दाराच्या फटीतून सहज जाणार होता, आणि फायबरमधून प्रकाश कुठेही नेता येतो.

मग ती थंडोबांकडे गेली. स्फटिक तुमच्या फ्रिजमध्ये ठेवते, म्हणाली. थंडोबा खूष झाले; आपल्या फ्रिजचं कुणी कौतुक केलं की ते लहान मुलासारखे व्हायचे. "आणि उजेड कुठून आणणार?" त्यांनी विचारलं. "बघते सर, काहीतरी जुळवते," ती म्हणाली. मग ती उजेडरावांकडे गेली. लेझरमधला थोडा प्रकाश फायबरमधून माझ्या खोलीत नेऊ का, म्हणाली. त्यांनीही हो म्हटलं. खोलीतून तो पुढे कुठे जाणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तेवढा विवेक तिच्याकडे होता.

अडचण एकच होती. पंपाच्या हादऱ्यांनी स्फटिक हलायचा आणि मोजमापात नुसता गोंगाट दिसायचा. पंप थोडा वेळ बंद ठेवला तरी साठलेल्या थंडीवर फ्रिज निभावून नेत असे, पण थंडोबांसमोर पंपाला हात लावणं म्हणजे त्यांच्या नाडीला हात लावणं. सुदैवाने दोन्ही प्राध्यापकांची एक सवय अजून सारखी होती. जेवणानंतर दोघंही आपापल्या केबिनमध्ये खुर्चीत डोळे मिटून विचार करत. विचार करताना थंडोबा घोरत.

तेवढ्या वेळात घोरपड तळघरात जाऊन पंप बंद करायची, मोजमाप घ्यायची आणि पंप पुन्हा चालू करून, तोंडात सँडविचचा तुकडा घेऊन निरागस चेहऱ्याने जिना चढायची. असं बरेच आठवडे चाललं. आणि एका दुपारी पडद्यावर ते शिखर उगवलं. गोंगाटातून हळूच वर आलेलं, गोल, देखणं. तिने तोंडावर हात दाबून धरला. मग जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"झालं!" ती म्हणाली.

"मुलगा की मुलगी?" आई म्हणाली.

"शिखर!"

"असो. सुखरूप ना?"

ती इतकी आनंदात होती की तिने लेखही लिहायला घेतला. त्यावर फक्त आपलं एकटीचं नाव घालताना तिला थोडं कसंतरी वाटलं, नाही असं नाही. पण ती मनाशी म्हणाली, नंतर बघू.

ते नंतर लवकरच आलं. विभागात रंगकाम निघालं. थंडोबांची केबिन रंगाऱ्यांच्या ताब्यात गेली, म्हणून ते त्या दुपारी प्रयोगशाळेतच, यंत्रांच्या मागे एका मोडक्या खुर्चीत विचार करायला बसले. घोरपडीला ते दिसले नाहीत. तिने पंप बंद केला आणि आकडे बघायला वर आपल्या खोलीत गेली. चालू पंखा अचानक थांबला की झोपलेल्या माणसाला जाग येते, तशी थंडोबांना आली. पंपाची धडधड थांबली होती. ते धावत बाहेर आले, आणि जिन्याच्या भिंतीवर त्यांना एक तांबडा ठिपका जळताना दिसला. रंगाऱ्यांनी जिन्यातलं कपाट सरकवताना फायबर दुमडला होता आणि दुमडलेल्या जागेतून प्रकाश बाहेर सांडत होता. थंडोबा त्या ठिपक्याचा माग काढत वर निघाले.

त्याच वेळी वर, रंगाच्या वासाने केबिन सोडून प्रयोगशाळेत आलेले उजेडराव पेंगता पेंगता पडद्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं थरथरत असलेली रेघ एकाएकी स्थिर झाली. त्यांनी दोन्ही चष्मे पाळीपाळीने लावून पाहिले. टेबल हलत नव्हतं! एकच अर्थ निघत होता. ते आनंदाने जिना उतरू लागले.

मधल्या टप्प्यावर, घोरपडीच्या दारात, दोघं समोरासमोर आले.

"पंप मेला का रे?" उजेडरावांनी विचारलं. आवाजात लपवता न येणारी आशा होती.

"मेला तुझा लेझर!" थंडोबा गरजले. "तुझा उजेड माझ्या दारात काय करतोय?"

"माझा? माझा उजेड माझ्या टेबलावर आहे!"

"मग हा काय माझ्या आजोबांनी सोडला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते, आणि तेही अरे-तुरे. मग दोघांच्याही लक्षात आलं की फायबरचा पाइप याच खोलीच्या भिंतीतून जातोय. दोघं एकदम तिच्याकडे वळले. घोरपड हातात सँडविच धरून उभी होती.

"सर, तसं म्हटलं तर हा प्रयोग तुमच्या दोघांचाही आहे," ती म्हणाली. "मी फक्त ओळख करून दिली."

हे बोलायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं.

दोघं तडक विभागप्रमुख मॅडमकडे गेले. एका दारातून एकत्र आत जाण्याचा सराव गेलेला असल्यामुळे दारात थोडी ढकलाढकल झाली. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. "लेखी द्या," त्या म्हणाल्या. "दोघांची मिळून एकच तक्रार. वेगवेगळ्या घेणार नाही. तुमच्या वेगवेगळ्या तक्रारींनी माझं एक कपाट भरलंय. आणि पुराव्यासकट द्या. मुलीच्या फेलोशिपचा प्रश्न आहे."

आता एकत्र लिहायचं तर बसायचं कुठे? थंडोबा वर जाईनात, उजेडराव खाली येईनात. शेवटी दोघं घोरपडीच्या खोलीत बसले. खोलीत खुर्च्या दोनच. त्यामुळे आपल्याविरुद्धची तक्रार लिहून होईपर्यंत घोरपड बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. काकू येता-जाता तिला चहा देत होत्या.

"काय म्हणतायत?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"पहिलं नाव कुणाचं घालायचं, यावर आहेत."

"मग तू निवांत पी चहा."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि थंडोबांनी तिला आत बोलावलं. "पुरावा हवाय. पंप केव्हा बंद केलास, किती प्रकाश सोडलास, काय मोजलंस, सगळं दाखव."

तिने संगणकावर आलेख उघडला. आता हे शिखर बघून दोघांचीही बोलती बंद होईल, असा तिला आतून विश्वास होता. दोघं पुढे वाकले. मग थंडोबांनी विचारलं, "तुझा थर्मामीटर कुठे लावलाय?"

"फ्रिजच्या तांब्याच्या तबकडीला, सर."

"स्फटिकाला नाही?"

"नाही."

थंडोबांनी उजेडरावांकडे पाहिलं. उजेडरावांनी विचारलं, "आणि प्रकाश किती?"

तिने सांगितलं. उजेडरावांनी असा चेहरा केला की जणू कुणीतरी त्यांच्या पायावर पाय दिलाय. "अगं, एवढा? कुडकुडणाऱ्याच्या पुढ्यात शेकोटी पेटवलीस तू!"

"तबकडी गार आणि स्फटिक गरम," थंडोबा म्हणाले. "थर्मामीटर एक सांगतोय आणि पोराला वर ताप चढलाय."

"हे शिखर नाहीच. ही नुसती ऊब आहे."

"ऊबच!"

आणि दोघं हसले. वाईट मनाने नव्हे. खूप दिवसांनी एखादी चूक दोघांना एकाच क्षणी दिसल्याचा आनंद होता तो. घोरपडीने आलेख बंद केला. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते तिला स्वतःला कळायला हवं होतं. ती पिशवी उचलून घरी गेली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. तिला चोरी पकडली गेल्याचं दुःख नव्हतं. ज्याच्यासाठी चोरी केली तेच खोटं निघालं, याचं होतं.

फोनवर आई म्हणाली, "रड. थांबवू नकोस. झालं की तोंड धू आणि जेव."

"आई, मी सगळ्यांना सांगून बसले होते की मला सापडलंय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"तुला."

"मग मी कुणाला नाही सांगितलं. शेजारच्या बाईला सांगितलं, पण तिला काही कळलं नाही. झाकली मूठ आहे तुझी. उद्या जा कामावर."

ती गेली. न जाण्याचाही विचार तिने केला होता, पण मग डोक्यात एक प्रश्न शिरला आणि ती त्याला चिकटली. शिखर जर उबेचं असेल, तर प्रकाश कमी केल्यावर ते खचायला हवं. आणि आपलं खचलं, तर त्या बड्या गटाचं शिखर कसलं आहे?

तिने हे बोलून दाखवलं, तेव्हा तक्रारीच्या मसुद्यावर भांडत असलेल्या दोघांनी मसुदा बाजूला ठेवला. "मोजून बघायला हवं," थंडोबा म्हणाले. "नीट," उजेडराव म्हणाले.

मग चोरून काही करायची गरज उरली नाही. थर्मामीटर स्फटिकाला चिकटवून बसवला. दुमडलेला फायबर बदलला. थंडोबा स्वतः पंपाच्या बटणावर बोट ठेवून बसू लागले आणि उजेडराव वर प्रकाश थेंबाथेंबाने कमी करू लागले. जिन्यातून आरोळ्या चालायच्या.

"सोड!"

"सोडला!"

"कमी कर रे, हे काय लग्नघर आहे?"

"हाच कमी आहे! डोळे तपासून घे!"

"आधी तुझे! दोन-दोन चष्मे लागतात तुला!"

मधे बसलेली घोरपड कानात बोटं घालून आकडे बघायची. प्रकाश जसजसा कमी झाला तसतसं शिखर बसत गेलं. टेकडीचा उंचवटा झाला, उंचवट्याची सुरकुती झाली, आणि शेवटी सरळ रेघ उरली. तिने ती रेघ पुन्हा पुन्हा मोजली. रेघ सरळच होती. हे काही नसणं तिने इतकं काळजीपूर्वक मोजलं होतं की तिला त्याचा अभिमान वाटायला लागला.

लेख गेला. त्या स्फटिकात असं काही होत नाही, जे दिसतं ती ऊब आहे, एवढाच मजकूर. लेखावर पहिलं नाव तिचं होतं. उरलेल्या दोन नावांचा क्रम ठरवायला काकूंना नाणं उडवावं लागलं, आणि हरलेल्याने नाणं तपासायला मागितलं. लेख तपासणाऱ्या निनावी परीक्षकाने भयंकर कडवट पत्र पाठवलं. ते वाचून उजेडराव म्हणाले, "शिखर याचंच होतं." पण त्या पत्रात चूक म्हणून काहीच दाखवलेलं नव्हतं, आणि लेख छापून आला. त्यावर सगळ्यात आधी एका अनोळखी मुलीचं पत्र आलं. ती दूरच्या कुठल्याशा विद्यापीठात याच शिखरामागे दोन वर्षं डोकं फोडत होती. "मला वाटलं होतं माझंच काहीतरी चुकतंय," तिने लिहिलं होतं. घोरपडीला ते छापून येण्यापेक्षा जास्त आवडलं.

वर्ष संपताना मॅडमनी तिला बोलावलं. पुढे ठेवायचं की नाही, ते ठरायचं होतं. दोन्ही प्राध्यापक हजर होते, एका बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून.

"यांची तुमच्याविरुद्ध तक्रार यायची होती," मॅडम म्हणाल्या. "ती आली नाही."

"मसुद्यावर मतभेद आहेत," थंडोबा म्हणाले.

"गंभीर मतभेद," उजेडराव म्हणाले.

"म्हणजे अजून करायची आहे?"

"करायची तर आहेच," थंडोबा म्हणाले. "विचारल्याशिवाय पंप बंद करणं हा गुन्हाच आहे. पण घाईत लिहिलेली तक्रार कच्ची राहते. वर्षभर तरी लागेल."

मॅडमनी पेन उचललं. "तोवर ही इथे असायला हवी," त्या म्हणाल्या आणि सही केली. घोरपडीला हसू आवरेना, म्हणून ती खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिली. बुटाला नाडी नव्हती.

ते दोघं पुन्हा जिवलग वगैरे झाले नाहीत. पाण्याची गोष्ट निघाली की थंडोबा अजून उठून जातात. फक्त आता ते भांडायला एकमेकांकडे जातात, आणि वाट तिच्या खोलीवरून आहे. परवाच दोघं आले आणि पुढे कुठला स्फटिक घ्यायचा यावर जुंपली. थंडोबांना धातूचा हवा होता, उजेडरावांना काचेसारखा पारदर्शक. दोघांनी आपापली बाजू तासभर मांडली.

"सर," घोरपड शेवटी म्हणाली, "फेलोशिप माझी आहे. दोन्ही नकोत. मी तिसराच घेणारेय."

"कुठला?" दोघांनी एकदम विचारलं.

"घेतला की सांगते."

मग एक कुरकुरत वर गेला आणि एक कुरकुरत खाली. तिने दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागली.